मग चकचकीत, पण झाकणाचं काय?

मैत्रिणींनो, "रोज घासते हो मी, पण वास काही जात नाही," ही थर्मास-मगाबद्दलची तक्रार हल्ली इतक्या जणींच्या तोंडून ऐकू येते, की यावेळी तोच विषय घ्यायचे ठरवले आहे. आंघोळीच्या बादलीतला मग नव्हे, बरं का! सकाळचा चहा भरून लोकलमध्ये, एस.टी.त किंवा शाळेत न्यायचा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आणि झाकणाच्या भोकातूनच घोट घ्यायचा तो मग. घरातल्या एकाकडे तरी तो असतोच. कुणी हौसेने घेतलेला असतो, कुणाला भेट म्हणून आलेला असतो. सहा-आठ महिने बरे जातात, आणि एक दिवस त्याला असा काही आंबूस, कुबट वास येऊ लागतो की चहा घशाखाली उतरत नाही. शेवटी तो माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे.

वास येतो कुठून, ते आधी बघू. उद्या सकाळी चहा भरण्यापूर्वी एवढं करा. धुतलेल्या मगात नाक घालून वास घ्या. बहुतेक वेळा फारसा येणार नाही. आता झाकण उलटे करा आणि त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्या. आलं ना लक्षात? आपण मगाचे पोट घासघासून लख्ख करतो आणि दुखणे असते डोक्यात.

त्याचे कारण मगाच्या घडणीत आहे. आतले भांडे असते स्टेनलेस स्टीलचे. बुडाशी '१८/८' असे छापलेले दिसले, तर त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल आहे असे समजावे. हे स्टील गुळगुळीत असते, त्यात काही मुरत नाही. बाहेरचे भांडे वेगळे, आणि दोन्हींच्या मधली हवा काढून घेतलेली. म्हणून आतली उष्णता बाहेर जात नाही. ही युक्ती जुनी आहे. जेम्स ड्यूअर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये प्रयोगशाळेतले अतिथंड द्रव टिकवण्यासाठी असे दुहेरी भांडे केले, आणि १९०४ मध्ये जर्मनीत 'थर्मास' या नावाने ते घरगुती वापरासाठी बाजारात आले. आपल्या लहानपणीचा थर्मास आठवतो ना? आत काचेचा, वर बूच, आणि बुचावर उपडा घातलेला पेला. त्या थर्मासाला कुणी तोंड लावत नसे. चहा पेल्यात ओतायचा, पेला विसळायचा, झालं. बूच फारच कळकट झाले तर नवे आणायचे.

आताच्या मगाला आपण थेट तोंड लावतो, आणि तेही झाकणाला. प्रत्येक घोटाबरोबर थोडा चहा ओठाशी येतो आणि थोडा परत जातो. तो परत जाणारा चहा कुठे कुठे शिरतो ते बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला कुकरसारखी एक रिंग असते, ती एका खाचेत बसवलेली असते, त्या खाचेत. प्यायच्या भोकावर पडणारी टोपी असते, तिच्या बिजागरीत. खटका दाबून उघडणारे झाकण असेल तर आत स्प्रिंग आणि दट्ट्या असतो, त्याच्या भोवती. शिवाय आणखी एक अगदी बारीक छिद्र असते, टाचणीच्या डोक्याएवढे. पुष्कळ जणींना ते आहे हेच ठाऊक नसते. हवा आत जावी आणि चहा अडखळत न येता धारेने यावा म्हणून ते असते. या साऱ्या जागा अशा, की ना तिथे बोट जाते, ना घासणी. वरून पाणी सोडले तर ते वरच्या वर ओघळून जाते.

त्यात आपला चहा! परदेशात या मगातून पुष्कळदा कोरी कॉफी प्यायली जाते. तिचा फार तर डाग पडतो. आपल्या चहात दूध, साखर, आलं, वेलदोडा. दुधातला स्निग्धांश रिंगेला ओशटपणा आणतो, साखरेने चिकटा धरतो, आल्याचा चोथा फटीत अडकतो. वर तो ऊबदार आणि ओला. जंतूंना याहून काय हवे? साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू वाढतात, आणि काही जंतूंची बीजे उकळण्यालाही दाद देत नाहीत. तेव्हा 'गरम चहाने सगळे मरते' यावर विसंबू नये. सकाळी सहाला भरलेला दुधाचा चहा दुपारी दोनला कोमट लागत असेल तर तो पिऊच नये. चार तासांच्या आत संपवावा हे उत्तम. घरात आजारी माणूस असेल, वय झालेले कुणी असेल, दिवस गेलेली सून-लेक असेल आणि त्यांना या मगातून दूध देत असाल, तर पुढचे सगळे जास्तच काटेकोरपणे करा.

आमच्या शाळेतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या लेकीने पहिल्या पगारातून त्यांना असा मग घेऊन दिला. वर्षभर तो रोज त्यांच्या टेबलावर असायचा. एक दिवस दिसेनासा झाला. विचारले तर म्हणाल्या, "काय सांगू, चहा ओतला की मळमळायला लागतं. लेक फोनवर विचारते, मग वापरतेस ना? हो म्हणते झालं." दुसऱ्या दिवशी त्यांना तो आणायला लावला. मधल्या सुट्टीत झाकण उलटे करून चमच्याच्या दांड्याने रिंग उचकटून दाखवली. खाचेत तपकिरी चिखल आणि रिंगेच्या मागच्या बाजूला काळे ठिपके. बाई दोन मिनिटे बोलल्याच नाहीत. पुढे म्हणाल्या, "अगं, ही निघते?" हा प्रश्न मी तेव्हापासून मोजणे सोडून दिले आहे. मगाबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेले असते, पण तो कागद खोक्याबरोबर पहिल्याच दिवशी केरात जातो.

तर रिंग निघते. ती कशी काढायची, ते नीट सांगते. आधी मोबाईलवर झाकणाच्या आतल्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. गंमत नव्हे, पुष्कळ रिंगांना वरची आणि खालची बाजू वेगळी असते आणि परत बसवताना गोंधळ होतो. आता रिंगेवर अंगठा दाबून ती एका बाजूला सरकवा, म्हणजे तिथे तिचा छोटा फुगवटा होईल. त्या फुगवट्याखाली चमच्याचा बोथट दांडा घाला आणि वर उचला. सुरी, पिन, कात्रीचे टोक यांतले काही वापरू नका. रिंगेला चीर गेली की चहा गळायला लागतो. प्यायच्या टोपीखाली आणखी एखादी चिमुकली रिंग असते, तीही शोधा. काही झाकणांत तीन-तीन असतात.

निघालेल्या रिंगा वाटीत ठेवा. बेसिनच्या काठावर ठेवाल तर एक ना एक दिवस जाळीतून खाली जातील. दूध लागलेले असते म्हणून आधी साध्या पाण्याने धुवा. एकदम कढत पाणी ओतले तर दुधाचा चिकटा जास्त घट्ट बसतो, हे तर दुधाचे पातेले घासणारीला सांगायलाच नको. त्यानंतर गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटे भिजवा आणि जुन्या दातांच्या ब्रशाने दोन्ही बाजूंनी घासा. झाकणातली खाच याच ब्रशाने घासायची. ब्रशाचे केस कात्रीने निम्मे कापले तर ते ताठ होतात आणि खाचेत चांगले जातात.

वास तरीही राहिला तर वाटीभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रिंग रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी धुऊन उन्हात टाका. सिलिकॉनच्या रिंगेत वास मुरतो, तो एका दिवसात जाईलच असे नाही. दोन-तीनदा करावे लागते. हळदीचे दूध भरत असाल तर रिंग पिवळी होते. तो मळ नव्हे, रंग आहे, आणि हळदीचा रंग उन्हाने उडतो. कपड्यावरचा डाग आपण उन्हात घालतो ना, तसेच. काळे ठिपके मात्र बुरशीचे. ते व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून आणि घासून गेले तर ठीक. नाही गेले तर त्या रिंगेवर जीव लावू नका.

आता भोके आणि फटी. यासाठी तीन वस्तू घरात ठेवा, तिन्ही स्वस्त आहेत. एक म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश, औषधाच्या दुकानात मिळतो. त्याचे टोक त्या टाचणीएवढ्या हवेच्या छिद्रात बरोबर जाते. त्यात तार असते म्हणून जोर करू नये. दुसरी वस्तू लहान मुलांना औषध पाजायची सुईविना पिचकारी. तिच्यात गरम साबणपाणी भरायचे, टोक छिद्राला लावायचे आणि जोराने दाबायचे. पहिल्या वेळी पलीकडून जे बाहेर येते ते बघून घ्या! पाणी स्वच्छ येईपर्यंत करायचे, शेवटी दोनदा साध्या पाण्याने. तिसरी वस्तू जुन्या मलमलीची बोटभर रुंद पट्टी. ओली करून प्यायच्या भोकातून ओवायची आणि दोन्ही टोके धरून पुढे-मागे ओढायची, रवीची दोरी ओढतो तशी. भोकाच्या कडेला आतून बसलेला चिकटा ब्रशाने जात नाही, तो या पट्टीने निघतो. बिजागरीत अडकलेला आल्याचा चोथा लाकडी काडीने काढा.

खटक्याच्या झाकणाचे जरा अवघड असते. काहींचा आतला भाग फिरवून सुटा करता येतो, एखादी बाणाची खूण असते, ती शोधा. सुटा होत असेल तर उत्तम. होत नसेल तर झाकण साबणाच्या गरम पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाण्याखालीच खटका पंधरा-वीस वेळा दाबा-सोडा. दाबताना पाणी आत जाते, सोडताना बाहेर येते. शेवटी हेच साध्या पाण्यात. पण खरं सांगू? जे झाकण उघडत नाही ते दुधाच्या चहाला ठेवूच नये. पाण्याला वापरावे. बारीक बारीक तुकडे जुळवत बसायचा कंटाळा येतो हे खरे, पण जे सुटे होते तेच स्वच्छ होते.

झाकणे कुकरमध्ये घालून उकळायची कल्पना काही जणी लढवतात. रिंग सिलिकॉनची असेल तर तिला उकळत्या पाण्याने काही होत नाही. पण झाकणाचे प्लॅस्टिक वाकडे झाले की ते पुन्हा कधी घट्ट बसत नाही. तेव्हा झाकणाला हाताला सोसेल एवढेच गरम पाणी.

एवढे झाल्यावर पोटाकडे वळू. तिथे दोन प्रकारचे डाग असतात आणि दोघांची औषधे वेगळी आहेत. तपकिरी पुटे चहाची. त्यावर खाण्याचा सोडा. मगभर कढत पाण्यात एक-दोन चमचे सोडा घालून, झाकण न लावता, तासभर ठेवायचे आणि बाटली धुण्याच्या लांब ब्रशाने फिरवायचे. पांढरट, खरखरीत थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा; बोअरचे पाणी येते त्या घरांत हमखास दिसतो. त्यावर सोड्याचा काही उपयोग नाही, तिथे आंबट हवे. कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूफूल, अर्धा तास. तळाशी गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर घाबरू नका, पुष्कळदा ते पाण्यातल्या लोहाचे असतात आणि याच लिंबूफुलाने जातात. लिंबाची फोड किंवा चिंच घेऊन चोळू नये. तांब्या-पितळेला ते ठीक, इथे त्यांचा गर झाकणाच्या खाचेत अडकून नवीनच वास सुरू होतो.

दोन्ही डाग असतील तर आधी सोडा, धुवा, आणि नंतर लिंबूफूल. दोन्ही एकदम घालायचे नाहीत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की केवढा फेस येतो, आणि बघणाऱ्याला वाटते की केवढी सफाई चालली आहे! प्रत्यक्षात आंबट आणि खारट एकमेकांना मारतात आणि फेस बसल्यावर मागे उरते ते जवळजवळ साधे पाणी. आणि हे मिश्रण घालून कुणी झाकण लावले तर आतल्या वायूने झाकण उडते. गरम पाणी आणि साबण घालून, झाकण लावून जोरजोरात हलवायची सवय असते, तीही धोक्याचीच. आतली हवा तापून फुगते आणि झाकण सैल करताच कढत पाणी हातावर येते.

कपड्यांचे ब्लीच मगात घालू नका. त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत पुढे काय साचते ते सांगायला नको. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. मिठाचे पाणी रात्रभर ठेवणेही स्टीलला मानवत नाही. तारेची घासणी, रांगोळी, राख हेही नको. ओरखडे उठतात, तारेचे कण आत राहून गंजतात, आणि गंज दिसला की दोष स्टीलला.

अरुंद तोंडाचा मग असेल आणि ब्रश तळापर्यंत जात नसेल तर आजीचा उपाय आहेच. मूठभर तांदूळ, थोडे साबणाचे कोमट पाणी, तोंडावर तळहात धरून गोल गोल फिरवायचे. दाणे कोपऱ्यापर्यंत पोचतात. झाकण लावून हे करू नये, नाहीतर एखादा दाणा त्या छिद्रात जाऊन बसेल. घरात कुणाची कवळी असेल तर कवळी स्वच्छ करायची एक गोळी गरम पाण्यात टाकून अर्धा तास ठेवा. चहाचे डाग सुंदर निघतात, फक्त नंतर चार वेळा विसळा. सासूबाईंना विचारून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको!

बाहेरून मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नये. बुडाला रबराची चकती किंवा जोड असतो, त्यातून पाणी शिरते आणि काही दिवसांनी तिथूनच वास येतो. आणि एक परीक्षा सांगते. मगात उकळते पाणी भरा आणि पाच मिनिटांनी बाहेरून मधोमध हात लावा. गरम लागला तर दोन भांड्यांमधली पोकळी गेली असे समजा. पडल्यामुळे पोचा आलेल्या मगाचे असे होते. त्याला कितीही घासा, तो चहा गरम ठेवणार नाही. अशा मगात पळ्या-चमचे ठेवावेत, छान राहतात.

धुणे हे अर्धे काम, वाळवणे उरलेले अर्धे. वास येणाऱ्या दहा मगांपैकी पुष्कळसे नीट धुतलेलेच असतात, पण ओले असताना झाकण लावून फळीवर गेलेले असतात. रात्री झाकण वेगळे, रिंग वेगळी, मग वेगळा. मग थेट ओट्यावर पालथा घालू नका, आत वाफ कोंडते. जाळीच्या रॅकवर तिरका ठेवा. रिंग एखाद्या खिळ्याला किंवा कपाच्या कानाला अडकवून ठेवा, म्हणजे हरवतही नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे एवढे पुरत नाही. रात्रभर ठेवले तरी खाच ओलीच. तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसावे, फडक्याचे टोक लाकडी काडीवर गुंडाळून खाचेत फिरवावे आणि पंख्याखाली ठेवावे. गॅसच्या कडेला ठेवायचा मोह होतो, पण रिंग आणि प्लॅस्टिक दोन्ही बिघडतात. सुट्टीत मग माळ्यावर ठेवायचा असेल तर झाकण न लावता, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवा.

आता थोडे घरातल्या कामाबद्दल. हा मग सकाळी घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी सात-आठला पिशवीतून परत येतो, तोपर्यंत तळाशी राहिलेला घोटभर चहा दिवसभर त्यात आंबत असतो. पुष्कळ घरी तर तो पिशवीतच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत हाक येते, "अगं, माझा मग कुठाय?" ज्याने चहा प्यायला त्यानेच चहा संपल्याबरोबर झाकण उघडून नळाखाली दोन चुळा पाणी आत-बाहेर फिरवले, तर अर्धे काम तिथेच झाले. ओला मळ एका धारेत जातो, वाळलेल्यासाठी ब्रश आणि सोडा लागतो. आमच्याकडे यांना हे एकदा नळापाशी उभे करून दाखवले, तेव्हापासून मग घरी येतो तो झाकण सैल करूनच. प्रवासात नळ नसेल तर पिण्याच्या बाटलीतले घोटभर पाणी मगात घालून हलवा आणि फेका. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हे जमते. तिसरी-चौथीतली मुले तर झाकण सुटे करायला आपल्याहून पटाईत असतात.

भांडी घासायला बाई येत असतील तर मग त्यांच्यापुढे झाकण लावलेला टाकू नका. बंद दिसलेले भांडे कोणीही बंदच घासणार, आणि पुन्हा आपणच म्हणणार, बाईंना स्वच्छता नाही. झाकण, रिंग सुटे करून वाटीत द्या आणि एकदा बरोबर बसून दाखवा. रिंग कुठली बाजू वर ते त्यांना कळले की त्या आपल्याहून नीट बसवतात. रिंग परत बसवल्यावर मगात साधे पाणी भरून, बेसिनवर उलटा धरून बघायचे. थेंब गळला तर रिंग तिरकी बसली आहे. हे न बघता कढत चहा भरून पिशवीत टाकला तर पुस्तके-वह्या तर भिजतातच, लोकलमध्ये मांडीवर सांडला तर भाजते.

रोज किती करायचे, असे विचाराल. दुधाचा चहा असेल तर रिंग रोज काढावी, सवयीने त्याला मिनिटही लागत नाही. पिचकारी आणि बारीक ब्रश आठवड्यातून दोनदा. सोडा आठवड्याला, लिंबूफूल पांढरा थर दिसला तरच. ताक या मगातून शक्यतो नेऊ नये. ते आंबते, वायू धरतो, आणि रिंगेला लागलेला त्याचा वास आठवडाभर जात नाही.

नवा मग घ्यायला जाल तेव्हा रंग आणि चित्रे बघण्याआधी दुकानदाराला सांगा, "झाकण सगळे सुटे करून दाखवा." त्याला येत नसेल तर आपल्यालाही येणार नाही. तोंड एवढे रुंद हवे की आपली चार बोटे आणि घासणी तळापर्यंत जावी. झाकणाचे तुकडे मोजा; जितके कमी तितके बरे. आणि विचारा, रिंग सुटी मिळते का? कुकरची रिंग आपण दर एक-दोन वर्षांनी बदलतो, तशी हिचीही सवय ठेवायची. ती ढिली पडली, चिरली, किंवा काळे ठिपके जाईनात, तर बदलून टाकायची. त्या आमच्या बाईंच्या मगाला शेवटी नवीन रिंगच घालावी लागली, कारण ठिपके रिंगेच्या आत मुरले होते. झाकण मात्र पिचकारीने स्वच्छ निघाले. मग पुन्हा टेबलावर आला आहे, आणि बाई त्याची रिंग स्टाफरूमच्या खिडकीत वाळत घालतात.

सुटी रिंग आणायला जाताना मगाचे नाव सांगून चालत नाही, एकाच कंपनीत चार मापे असतात. जुनी रिंग कागदात गुंडाळून बरोबर न्या, दुकानात नवीवर ठेवून बघा आणि जाडीही जुळते ना ते बघून घ्या. एकाऐवजी दोन घ्या. पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरी कामाला येते.